दारापर्यंत जाणारे दान

रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चबाहेर पडतो, तेव्हा दाराजवळ एक लहानशी दानपेटी दिसते. तिच्यावर बहुधा संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव असते. कुणी खिशातली नोट तीत सारतो, कुणी मुलाच्या हाती नाणे देऊन त्याच्याकडून ते पेटीत टाकून घेतो आणि मग सारे आपापल्या घरची वाट धरतात. त्या पैशाचे पुढे काय होते, तो कोण मोजतो, कोणत्या घरी जातो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी कधी विचारले असेल. आम्हीही अनेक वर्षे विचारले नव्हते. पेटीत नोट पडली की आपले कर्तव्य संपले, असाच आमचा समज होता.

अलीकडे मात्र एक प्रश्न वारंवार कानी येतो. मदत मागणाऱ्या संस्था आता पुष्कळ झाल्या आहेत. पत्रे येतात, मोबाइलवर आवाहने येतात, डोळ्यांत पाणी आणणारी छायाचित्रे येतात. मग द्यावे कुणाला? आपल्या गावातली, आपल्या धर्मग्रामातली कोणती संस्था आधार द्यावा अशा योग्यतेची? प्रश्न आजचा असला तरी तो नवा नाही. ख्रिस्तसभेला पहिल्या शतकातच तो पडला होता. तिने त्याची निरनिराळी उत्तरे शोधली. त्यांतली काही टिकली, काही काळाच्या ओघात नाहीशी झाली. कोणती टिकली आणि का टिकली, हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडण्यासारखे आहे.

यरुशलेममधील तक्रार

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक छोटासा प्रसंग आहे. यरुशलेममधील आद्य ख्रिस्ती समाजात गरजूंना रोज अन्न वाटले जात असे. त्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तक्रार कुणाच्या कंजूषपणाबद्दल नव्हती. लोक उदारपणे देत होते. दिलेले योग्य त्या हाती पोहोचत नव्हते, एवढेच दुखणे होते.

प्रेषितांनी त्यावर देणाऱ्यांना आणखी प्रवचने दिली नाहीत. त्यांनी समाजाला सात विश्वासू माणसे निवडायला सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. संत स्तेफन हा त्यांच्यापैकी एक. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातूनच कारभारी निवडले गेले. सेवाभावी संस्थेचा जन्म म्हणायचा तर तो येथे झाला. अंतःकरणातील दयेला व्यवस्थेची जोड हवी आणि त्या व्यवस्थेत गरजवंताचा आवाज हवा, हा पहिला धडा ख्रिस्तसभेला एका तक्रारीने शिकवला.

वसईतली मिझेरिकोर्दिया

आपल्या किनाऱ्यावर संघटित दानधर्माची मोठी संस्था आली ती पोर्तुगीजांबरोबर. राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ साली लिस्बनमध्ये 'सांता काझा दा मिझेरिकोर्दिया', म्हणजे दयेचे पवित्र गृह, स्थापन झाले. दयेची सात शारीरिक व सात आध्यात्मिक कृत्ये आपण धर्मशिक्षणात पाठ करतो. ती चौदाही कृत्ये प्रत्यक्षात आणणे हे या बंधुसंघाचे उद्दिष्ट होते. भुकेल्यांना अन्न देणे, कैद्यांची विचारपूस करणे, बेवारस मृतांचे दफन करणे, अनाथ मुलींच्या विवाहाची तजवीज करणे, परदेशी मरण पावलेल्याची मालमत्ता त्याच्या वारसांपर्यंत पोहोचवणे, अशी कामे तिच्याकडे असत. सोळाव्या शतकात गोव्यात ही संस्था उभी राहिली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आल्यानंतर वसईच्या कोटातही मिझेरिकोर्दिया सुरू झाली.

या संस्थेने केलेले काम लहान नव्हते. तिचे कारभारी निवडून येत, तिच्या दप्तरात जमाखर्च नोंदला जाई, आणि मरणाऱ्याला आपली पुंजी तिच्या हवाली करताना धीर वाटे. पण तिची रचना वरून खाली होती. राजसत्तेचा आश्रय, श्रीमंतांची मृत्युपत्रे आणि प्रतिष्ठितांचे सभासदत्व यांवर ती उभी होती. सभासद प्रामुख्याने पोर्तुगीज पुरुष असत आणि त्यांच्यातही उमराव व कारागीर अशा दोन पायऱ्या होत्या. गावोगावच्या शेतकरी-कोळी ख्रिस्ती माणसाला तिच्या दारी हात पसरता आला असेल. तिच्या कारभारात त्याला स्थान नव्हते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट पडला. पोर्तुगीज निघून गेले आणि त्यांच्याबरोबर वसईतली मिझेरिकोर्दियाही गेली. स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र आपल्या गावी राहिला. त्याची श्रद्धा राहिली, सण राहिले, चालीरीती राहिल्या. दयेची ती भव्य संस्था तेवढी राहिली नाही. जी संस्था समाजाच्या हातांनी चालत नाही, ती सत्तेच्या पावलांनी येते आणि सत्तेच्या पावलांनीच जाते. किल्ल्यातल्या पडक्या भिंतींमधून फिरताना आम्हाला नेहमी या गोष्टीची आठवण होते.

एका रविवारचे अन्न

वसईचा कोट भरात होता त्या काळातच, फ्रान्समधल्या एका आडगावी वेगळ्या पद्धतीची सुरुवात झाली. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. शातियाँ नावाच्या गावी व्हिन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू नुकतेच रुजू झाले होते. रविवारच्या मिस्सेसाठी ते झगा चढवत असतानाच कुणी येऊन सांगितले की, गावाबाहेर एका घरातली सारी माणसे आजारी पडली आहेत, त्यांच्याकडे पाहायला कुणी नाही. फादरांनी प्रवचनात ही हकिकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली! कुणी अन्न घेऊन चालले होते, कुणी देऊन परतत होते.

दुसरा एखादा धर्मगुरू आपल्या प्रवचनाचा हा परिणाम पाहून संतोष पावला असता. व्हिन्सेंट यांच्या मनात मात्र निराळा विचार आला. आज या घरात खाऊन संपणार नाही इतके अन्न आले. ते उद्या नासेल आणि परवा हे घर पुन्हा उपाशी राहील. लोकांची दया मोठी आहे, पण तिला शिस्त नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी गावातल्या काही स्त्रियांना एकत्र बोलावले आणि आळीपाळीने एकेकीने एकेक दिवस रुग्णांची सेवा करावी अशी व्यवस्था लावली. त्याच वर्षी त्यांनी या मंडळासाठी नियम लिहिले. पैसा कुणी सांभाळावा, हिशेब कसा द्यावा, हे त्यांत आहेच. शिवाय रुग्णापुढे ताट कसे मांडावे, त्याच्याशी हसतमुखाने कसे बोलावे, हेही आहे. पुढे लुईझ द मारियाक यांच्या साहाय्याने १६३३ साली दयाकन्यांचा संघ स्थापन झाला. मठाच्या भिंतींआड न राहता गल्लीबोळांतून गरिबांच्या घरी जाणाऱ्या या धर्मभगिनींनी सेवेची दिशाच बदलली. गरजवंताने संस्थेच्या दारी यायचे, ही रीत मागे पडली. संस्था गरजवंताच्या दारी जाऊ लागली.

पॅरिसमधील विद्यार्थी

त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २३ एप्रिल १८३३ रोजी, पॅरिसमध्ये एका वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. त्यांपैकी सहा विद्यार्थी होते आणि सातवे, एमानुएल बायी, हे त्या पत्राचे संपादक. विद्यार्थ्यांतील फ्रेडरिक ओझानाम याला त्या दिवशी वीस वर्षे पूर्ण झाली होती. लिओन शहरातून तो कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आला होता. वडील डॉक्टर, गरिबांना औषधपाणी देणारे. विजेच्या मापाला ज्यांचे नाव मिळाले त्या शास्त्रज्ञ अँपियर यांच्या घरी त्याने काही काळ मुक्काम केला होता. १८३२ च्या पटकीच्या साथीत पॅरिसमध्ये हजारो माणसे मेली, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

ही मुले मुळात जमत ती चर्चा करण्यासाठी. त्यांच्या इतिहासविषयक चर्चामंडळाला 'कॉन्फरन्स' म्हणत. अशाच एका चर्चेत एका टीकाकाराने त्यांना विचारले की, ख्रिस्ती धर्माने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य. पण आज तुम्ही स्वतः काय करता? त्या प्रश्नाला वादविवादात उत्तर नव्हते. मुलांनी ते कृतीने द्यायचे ठरवले आणि मंडळाला नाव जुनेच राहिले. आपल्या धर्मग्रामातील व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखेला आजही 'कॉन्फरन्स' का म्हणतात, याचे मूळ येथे आहे. ज्या सभेत आधी नुसती भाषणे होत, तिच्यातूनच ही सेवा निघाली.

उत्साह होता, पण अनुभव नव्हता. बायींनी त्यांना सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे पाठवले. पॅरिसच्या मुफ्तार या दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षे राबलेल्या या दयाकन्येने मुलांना काही कुटुंबांची नावे दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या घरात पाऊल कसे टाकावे, हेही शिकवले. पुढल्याच वर्षी मंडळाने संत व्हिन्सेंट डी पॉल यांना आपले आश्रयदाते मानले, आणि १८३५ साली नियमावली तयार झाली. ओझानाम पुढे पॅरिस विद्यापीठात प्राध्यापक झाले, संसारी झाले, आणि ८ सप्टेंबर १८५३ रोजी वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी मार्सेय येथे निधन पावले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पॅरिसमध्ये 'धन्यवादित' म्हणून घोषित केले. सिस्टर रोझाली यांनाही २००३ साली तो मान मिळाला. एका संसारी गृहस्थाला आणि एका वस्तीतल्या सिस्टरला वेदीवर मिळालेला हा मान घरभेटीचाही मान आहे, असे आम्हास वाटते.

ओझानाम केवळ दानावर समाधान मानणारे नव्हते. जखमेला पट्टी बांधणे हे प्रेमाचे काम खरे. पण जखम होऊच नये यासाठी न्याय हवा, अशी त्यांची धारणा होती. पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे विश्वपत्र १८९१ साली प्रसिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधी हा तरुण प्राध्यापक मजुरीच्या व वेतनाच्या प्रश्नावर बोलत होता.

हीच न्यायाची बाजू आपल्या वसईत सहकाराच्या रूपाने पुढे आली. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथलिकांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि तिचीच पुढे बॅसिन कॅथलिक सहकारी बँक झाली. बँक म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, हे खरे. तथापि ज्या समाजाने कधीकाळी मिझेरिकोर्दियाच्या दारी हात जोडून उभे राहायचे, तो आता स्वतःच भागधारक, स्वतःच कर्जदार आणि स्वतःच संचालक झाला. कारभार समाजाच्या हाती आला आणि म्हणून ती संस्था शतक ओलांडून टिकली.

उघडा हिशेब, झाकलेली नावे

व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी एकोणिसाव्या शतकातच भारतात पोहोचली. आज ती जगातल्या दीडशेच्या आसपास देशांत आहे. तिचे काम मात्र अजूनही त्या सात जणांच्या सभेसारखेच लहान आणि साधे आहे. कॉन्फरन्सचे सभासद ठरावीक दिवशी जमतात, प्रार्थना करतात, मागील सभेचा वृत्तांत वाचतात. कोणत्या घरी कोण गेले, तेथे काय आढळले, काय करायला हवे, हे सांगितले जाते आणि निर्णय होतो. सभासदांमध्ये एक पिशवी फिरते. कुणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. भेटीला दोघे दोघे जातात. ज्याला मदत द्यायची तो कोणत्या धर्माचा, हे पाहिले जात नाही. हिशेब उघडा असतो, पण मदत घेणाऱ्याचे नाव सभेबाहेर जात नाही.

एका पावसाळी संध्याकाळी आम्ही अशा दोन सभासदांबरोबर घरभेटीला गेलो होतो. दोघेही सत्तरी उलटलेले. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध विधवा एकटीच राहत होती. घर नीटनेटके होते. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे काही उणे आहे असे वाटले नसते. तिने चहा केला आणि आमच्या सोबत्यांनी तो आवर्जून घेतला. घरच्या माणसासारखे चहा घेणे हाही भेटीचाच भाग, असे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले. औषधाचे पाकीट त्यांनी न बोलता टेबलावर ठेवले. बाईंनी पैशांचा विषयच काढला नाही. निवृत्तिवेतनासाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. कुणी बरोबर येईल का, एवढेच तिने विचारले. कोणत्याही दानपेटीत कितीही मोठी नोट टाकली तरी ही गरज भागली नसती.

जिना उतरताना त्यांतले एक जण कठड्याला धरून थांबले. "आमचे गुडघे आहेत तोवर ठीक," ते म्हणाले, "पुढे हा जिना कोण चढणार?"

त्यांचा हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. आज दारिद्र्य पूर्वीसारखे अंगणात दिसत नाही. ते बंद सदनिकेच्या दाराआड बसते. मुले परदेशी गेलेले म्हातारे जोडपे, डायलिसिसच्या खर्चाने खचलेले घर, भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय मजूर कुटुंब, हे सारे आपल्याच धर्मग्रामाच्या सीमेत आहेत. त्यांची नावे दूरच्या कोणत्याही मोठ्या संस्थेला ठाऊक नाहीत. ती ठाऊक असण्याची शक्यता आहे ती आपल्या कॉन्फरन्सलाच. आणि त्याच कॉन्फरन्समध्ये अनेक ठिकाणी चार-सहा पांढऱ्या केसांची डोकी तेवढी उरलेली दिसतात.

मग आधार कोणाला द्यावा? इतिहास आपल्याला चार प्रश्न विचारायला शिकवतो. ही संस्था गरजवंताच्या दारापर्यंत जाते का? तिचा हिशेब उघडा आणि गरजवंताचे नाव झाकलेले आहे का? ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांचे तेथे ऐकले जाते का? आणि तिचे काम सभासदांच्या स्वतःच्या हातांनी चालते का? संस्था नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल तर तिचे हिशेब दरवर्षी तपासले जाऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर व्हावे लागतात. ते विचारण्यात दात्याने संकोच मानण्याचे कारण नाही, आणि दाखवण्यात संस्थेनेही राग मानू नये. या कसोट्यांना उतरणारी संस्था कॅथलिकांचीच असली पाहिजे असेही नाही. गावातले वाचनालय असो, रुग्णसेवा मंडळ असो, अपंग मुलांची शाळा असो. जे काम शेजारधर्माने चालले आहे ते आपलेच.

मिझेरिकोर्दियाकडे पैसा होता, इमारती होत्या, राजाचा शिक्का होता. तिला या भूमीतले हात नव्हते. पॅरिसच्या सात जणांकडे पावाच्या चिठ्ठ्यांखेरीज काही नव्हते, आणि त्यांचे काम जगभर पसरले. यावरून आपल्या पेटीत पैसे टाकू नयेत असे मुळीच नव्हे. औषधांना पैसा लागतो, मुलांच्या फीला लागतो, घराच्या भाड्याला लागतो. फक्त तो पैसा घेऊन जिना चढणारे कुणीतरी लागते. सणाच्या रोषणाईतील एका माळेचा खर्च पेटीकडे वळला तर चांगलेच. त्याहून चांगले म्हणजे महिन्यातली एक संध्याकाळ त्या सभेकडे वळावी, आणि जाताना घरातल्या तरुण मुलामुलीला बरोबर न्यावे. ओझानाम त्या दिवशी वीस वर्षांचा होता, हे आपण विसरू नये.

पुढच्या रविवारी पेटीपाशी थोडे थांबू या. कॉन्फरन्सची सभा कोणत्या दिवशी असते, एवढे तिथल्या कुणाला तरी विचारू या.